भरपेट : अमेरिकेतील चिनी बुफेची पावणेदोनशे वर्षे

या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही दोघे न्यू जर्सीला लेकीकडे होतो. तिला सातवा महिना होता. लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिन्यांच्या व्हिसावर अमेरिकेला जाणारे मराठी आईवडील आता नवलाईचे राहिलेले नाहीत, त्यामुळे त्या दिनचर्येचे वर्णन करत बसत नाही. एका शुक्रवारी जावयांनी रजा काढली आणि हमरस्त्याच्या कडेला असलेल्या एका चिनी बुफेत आम्ही चौघे दुपारचे जेवायला गेलो.

दारातच गल्ला आणि गल्ल्यापाशी पाटी. दुपारी माणशी चौदा डॉलर, रात्री एकवीस, लहान मुलांना वयाप्रमाणे. एकदा पैसे भरले की कोण किती खातो हे कोणी विचारत नाही. आत वाफेवर गरम ठेवलेल्या स्टीलच्या ट्रेच्या चार लांब रांगा होत्या. लग्नातल्या बुफेत आपण आधी नुसती एक फेरी मारून येतो, तशी मी मारली. भात, नूडल्स, तळलेली कोंबडी, ब्रोकोलीतले बीफ, चीज भरलेल्या कुरकुरीत पुड्या, एका कोपऱ्यात सुशी आणि दुसऱ्या कोपऱ्यात चक्क पिझ्झा. मी शोधत होतो ते मंच्युरिअन मात्र कुठेच नव्हते.

"बाबा, मंच्युरिअन हे आपलं चायनीज," जावई हसत म्हणाले. "हे अमेरिकन चायनीज. खरं चायनीज यातलं कुठलंच नाही."

पानावर बसल्यावर मात्र विषय वेगळाच निघाला. लेक आणि जावई दोघेही एच-वन-बी व्हिसावर आहेत. ग्रीन कार्डाच्या रांगेत नंबर लागायला आणखी किती वर्षे लागतील ते कोणालाच सांगता येत नाही. २० जानेवारी २०२५ रोजी, पदभार घेतला त्याच दिवशी, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एक आदेश काढला होता. आई बेकायदा किंवा तात्पुरत्या परवान्यावर देशात असेल आणि वडील नागरिक किंवा कायम रहिवासी नसतील, तर त्या मुलाला जन्माने अमेरिकन नागरिकत्व मिळणार नाही, असा त्याचा आशय. आदेशानंतर तीस दिवसांनी जन्मणाऱ्या मुलांना तो लागू व्हायचा होता. न्यू जर्सीसह अनेक राज्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि अंमलबजावणी थांबली. पण थांबली म्हणजे मिटली असे नव्हे. जूनमध्ये जन्मणारे बाळ कोणत्या देशाचे, हा प्रश्न आमच्या ताटांच्या मध्ये होता.

"ते सगळं एका चिनी माणसाच्या केसवर अवलंबून आहे," लेक म्हणाली. "वाँग किम आर्क. वकिलानं सांगितलं."

तेवढ्यात साठीच्या आसपासची एक बाई रिकाम्या बशा उचलायला आली. तिने लेकीकडे पाहिले आणि बोटे दाखवून 'कितवा?' असे विचारले. लेकीने सात बोटे दाखवली. ती गेली आणि संत्र्याच्या फोडी व कपभर गरम पाणी घेऊन परत आली. मोजक्या इंग्रजी शब्दांत तिने सांगितले, की तिची नात चार महिन्यांची असताना चीनला पाठवली होती आणि पाच वर्षांची झाल्यावर परत आणली. का पाठवली, हे तिने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

मी आयुष्यभर महाविद्यालयात इतिहास शिकवला, पण वाँग किम आर्कचे नाव मला माहीत नव्हते. लेकीच्या गावातले सार्वजनिक ग्रंथालय घरापासून पायी पंधरा मिनिटांवर होते. पुढचे दोन महिने मी तिथे बसलो. केसची माहिती काढायला गेलो होतो. पण दर वेळी फिरून त्या बुफेपाशीच यायचो.

'एकच दर, हवे तेवढे खा' ही पद्धत अमेरिकेतल्या चिनी खाणावळींइतकीच जुनी निघाली. १८४८मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि जगभरातून माणसे धावली. चीनच्या दक्षिणेकडील ग्वांगडाँग प्रांतातूनही हजारो लोक आले. न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून' पत्राचा बातमीदार बायर्ड टेलर १८४९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत होता. पुढच्या वर्षी निघालेल्या 'एल्डोराडो' या पुस्तकात त्याने तिथल्या तीन चिनी खाणावळींचे वर्णन केले आहे. त्यांच्यावर पिवळ्या रेशमाची लांब तिकोनी निशाणे फडकत. स्वयंपाक उत्तम म्हणून अमेरिकन लोकांची तिथे गर्दी होई आणि दुसरे कारण म्हणजे दर. कितीही खा, जेवण एक डॉलर. त्यांपैकी एक खाणावळ सॅक्रामेंटो स्ट्रीटवर होती. तिथल्या पदार्थांत टेलरने 'करी'चाही उल्लेख केला आहे. हाच टेलर तीन वर्षांनी मुंबईला येऊन गेला.

असा दर का परवडत असेल, हे समजायला मराठी वाचकाला गिरणगावाची खाणावळ आठवली की पुरे. घरदार मागे ठेवून आलेले एकटे पुरुष, अंगमेहनतीचे काम आणि भूक. अशा गिऱ्हाइकाला पदार्थांची यादी नको असते, पोट भरण्याची हमी हवी असते. फरक एवढाच, की गिरणगावात ताट बायका वाढत. सॅन फ्रान्सिस्कोत बायकाच फार थोड्या होत्या, त्यामुळे रांधणे आणि धुणे ही कामे पैसे देऊन करून घ्यावी लागत. ती चिनी पुरुषांनी उचलली.

पुढे तीच दोन कामे त्यांच्या वाट्याला उरली. पूर्व-पश्चिम किनारे जोडणारा लोहमार्ग १० मे १८६९ रोजी पुरा झाला. त्याचा पश्चिमेकडचा भाग, सिएरा नेवाडाचे डोंगर फोडून, मुख्यतः हजारो चिनी मजुरांनी बांधला होता. काम संपले, मजूर मोकळे झाले आणि गोऱ्या कामगारांना ते डोळ्यांत खुपू लागले. १८७५च्या कायद्याने चिनी स्त्रियांचे येणे जवळजवळ बंद झाले. ६ मे १८८२ रोजी चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा मंजूर झाला आणि आधीपासून असलेल्या चिन्यांनाही नागरिकत्व मिळणार नाही असे त्यात ठरले. १८८५मध्ये वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्ज येथे गोऱ्या खाणकामगारांनी २८ चिनी खाणकामगारांना ठार मारले. खाण, कारखाना, शेत इथे जो चिनी माणूस नकोसा होता, तो लाँड्रीत आणि खाणावळीत चालत होता, कारण ती 'बायकी' कामे होती आणि तिथे त्याची गोऱ्या पुरुषांशी स्पर्धा नव्हती.

आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या त्या जून १८८३मध्ये, म्हणजे हा कायदा होऊन वर्ष झाले असताना. त्यांना कोणी अडवले नाही, कारण बंदी तेव्हा फक्त चिन्यांना होती. आपल्यापर्यंत ती यायला १९१७ साल उजाडले. त्या वर्षीच्या कायद्याने हिंदुस्थानसह आशियाचा मोठा पट्टाच प्रवेशबंदीत टाकला. १९२३मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस नागरिक होऊ शकत नाही, असे ठरवले.

या काळातली एक पुस्तिका पाहून मी थबकलो. १९०२मध्ये चिनी बंदीचा कायदा पुढे चालू ठेवण्याचा प्रश्न आला, तेव्हा अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या कामगार महासंघाने ती काढली होती. तिच्या नावातच 'मांस विरुद्ध भात' असा सामना लावला आहे. मांस खाणारा अमेरिकन मर्द, भात खाणारा आशियाई हमाल, आणि दोघांतला कोण टिकणार हा सवाल. भातावर जगणारा माणूस कमी मजुरीत भागवतो, म्हणून तो मांस खाणाऱ्याला खाली ओढतो, असा युक्तिवाद. मी कोकणातला, तीन पिढ्या भातावर वाढलेला. त्या दिवशी बुफेच्या पहिल्याच ट्रेमध्ये भाताचा ढीग होता आणि गोरे, काळे, मेक्सिकन, आपले, सगळे तो ताटात घेत होते.

आता वाँग किम आर्क. त्याचा जन्म १८७३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, त्याच सॅक्रामेंटो स्ट्रीटवर, चिनी आईवडिलांच्या पोटी झाला. व्यवसायाने तो आचारी होता. १८९४मध्ये तो चीनला घरच्यांना भेटायला गेला आणि ऑगस्ट १८९५मध्ये 'कॉप्टिक' बोटीने परत आला, तेव्हा अधिकाऱ्यांनी त्याला उतरू दिले नाही. जन्म इथला असला तरी आईबाप चिनी, म्हणून तूही चिनी, असे त्यांचे म्हणणे. जिथे तो जन्मला होता त्या शहरासमोरच त्याला कित्येक महिने बोटींवर अडकवून ठेवले. चिनी व्यापाऱ्यांच्या संघटनेने त्याच्यासाठी वकील दिले. प्रश्न १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीचा होता. अमेरिकेत जन्मलेली आणि तिच्या अधिकारक्षेत्रात असलेली व्यक्ती नागरिक होय, असे ती म्हणते. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांसाठी झालेली ही तरतूद चिनी आईवडिलांच्या मुलालाही लागू आहे काय? २८ मार्च १८९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी 'आहे' असा निकाल दिला.

निकालाने त्याचे हाल संपले नाहीत. १९०१मध्ये टेक्सासमधील एल पासो येथे त्याला पुन्हा पकडले गेले आणि नागरिक असल्याचे पुन्हा सिद्ध करावे लागले. १९१०मध्ये त्याचा थोरला मुलगा चीनहून आला, तेव्हा हा याचा मुलगा असल्याचे पटत नाही म्हणून अधिकाऱ्यांनी त्याला परत पाठवले. आज सरकारी पक्ष याच निकालातल्या एका गोष्टीवर बोट ठेवतो. वाँगचे आईवडील अमेरिकेत कायमच्या वास्तव्याला होते. तात्पुरत्या व्हिसावरच्यांचे काय? आमच्या लेकीचा प्रश्न नेमका तोच होता.

मग चिनी रेस्टॉरंटे देशभर पसरली कशी? तेही कायद्यामुळेच. बंदी मजुरांना होती, व्यापाऱ्यांना नव्हती. व्यापाऱ्याला चीनला जाऊन परत येता येई, बायकोमुलांना आणता येई. १९१५मध्ये न्यायालयाने रेस्टॉरंटच्या मालकालाही व्यापारी मानले. अट अशी, की रेस्टॉरंट मोठे आणि चांगल्या दर्जाचे हवे आणि मालकाने स्वतः वर्षभर व्यवस्थापन पाहिलेले हवे, हातात झारा किंवा झाडू न घेता. लोकांनी मार्ग काढला. गावचे, भावकीतले दहा-पंधराजण भांडवल एकत्र करीत, मोठे रेस्टॉरंट काढीत आणि हिस्सेदार आळीपाळीने व्यवस्थापक होत. इतिहासकार हेदर ली यांनी हा व्यवहार कागदपत्रांतून उलगडला आहे. न्यूयॉर्कमध्ये १९१० ते १९२० या दहा वर्षांत चिनी रेस्टॉरंटांची संख्या जवळजवळ चौपट झाली आणि पुढच्या दहा वर्षांत दुपटीहून वाढली. म्हणजे अमेरिकनांना चॉप सुई आवडली हे खरेच. पण रेस्टॉरंट काढणे हा घरच्या माणसाला आणण्याचा परवाना होता, हेही तितकेच खरे. कामगार संघटनांनी या रेस्टॉरंटांवर बहिष्कार पुकारले, गोऱ्या बायकांनी तिथे पाऊल टाकू नये असे कायदे व्हावेत म्हणूनही खटपटी झाल्या. तरी ती टिकली.

दुसऱ्या महायुद्धात चीन मित्र झाला आणि १९४३मध्ये बंदी उठली. वर्षाला परवानगी किती जणांना? १०५. हिंदुस्थानला १९४६मध्ये असाच दरवाजा किलकिला झाला, वर्षाला १०० माणसे. खरे दार उघडले ते १९६५च्या कायद्याने. आपले डॉक्टर आणि इंजिनिअर ज्या कायद्याने गेले, त्याच कायद्याने तैवान आणि हाँगकाँगचे आचारीही गेले. हा योग आपल्या परदेशवारीच्या कहाण्यांत सहसा येत नाही.

त्या आचाऱ्यांपैकी एक पेंग चांग-क्वेई. मूळचे हुनान प्रांतातले, १९४९मध्ये पराभूत राष्ट्रवादी सरकारबरोबर तैवानला गेलेले. तिथे त्यांनी एक कोंबडीचा पदार्थ केला आणि त्याला हुनानच्या एका जुन्या सेनापतीचे, झुओ झोंगतांगचे, नाव दिले. न्यूयॉर्कमध्ये तो गोड आणि कुरकुरीत झाला आणि 'जनरल त्सो चिकन' म्हणून प्रत्येक बुफेत जाऊन बसला. सेनापती १८८५मध्येच वारला होता. त्याने तो चाखलेला नाही. चीज भरलेल्या त्या पुड्यांना 'क्रॅब रंगून' म्हणतात. त्या कॅलिफोर्नियातल्या 'ट्रेडर विक्स' या रेस्टॉरंटने लोकप्रिय केल्या, रंगूनचा संबंध नावापुरता. जेवणानंतर हाती येणारे भविष्याचे बिस्कीट तर जपानी. कॅलिफोर्नियातले जपानी बेकरीवाले ते करीत. १९४२मध्ये तिथल्या जपानी वंशाच्या लोकांना सरकारने छावण्यांत कोंडले, बेकऱ्या बंद पडल्या आणि धंदा चिन्यांकडे आला.

हे वाचल्यावर जावयांचे 'खरं चायनीज यातलं कुठलंच नाही' हे वाक्य मला अपुरे वाटू लागले. मंच्युरिअन तरी काय? कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लबमध्ये आले, लसूण, हिरवी मिरची घालून ते केले. दोन्हीकडे चिनी माणसाने समोरच्या गिऱ्हाइकाची जीभ ओळखली आणि आपले पोट भरले.

बुफेचा आजचा थाट मात्र दोन परक्या वाटांनी आला. १९३९च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात स्वीडनच्या दालनाने आपले 'स्मॉर्गसबोर्ड' मांडले आणि हाताने वाढून घेण्याची पद्धत अमेरिकनांना ठाऊक झाली. चाळीसच्या दशकात लास वेगासच्या 'एल रांचो' हॉटेलने जुगारी गिऱ्हाईक बाहेर जाऊ नये म्हणून रात्रीचे बुफे सुरू केले. त्याचाही दर एक डॉलर. चिनी मालकांनी ही रीत उचलली आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांत फुजियान प्रांतातल्या फूचौ भागातून आलेल्या लोकांनी ती गावोगाव नेली.

हे लोक मुख्यतः दलालांना पैसे देऊन, कागदपत्रांविना आले. दलाली त्या काळी तीस हजार डॉलरच्या घरात होती आणि ती फेडायला वर्षे लागत. ६ जून १९९३ रोजी 'गोल्डन व्हेंचर' हे जहाज न्यूयॉर्कच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतले. त्यावर २८६ माणसे होती. काहींनी काळोखात पाण्यात उड्या टाकल्या आणि दहाजण मेले. वाचलेल्यांपैकी काहींनी पेनसिल्व्हेनियातल्या तुरुंगात जवळजवळ चार वर्षे काढली. जे शहरात पोचत, ते मॅनहॅटनच्या ईस्ट ब्रॉडवे परिसरात नोकरी देणाऱ्या दलालांच्या खोल्यांत उभे राहत. तिथे चिठ्ठीवर गावाचे नाव नसे, टेलिफोनचा एरिया कोड असे. तो पाहून बसमध्ये बसायचे आणि कुठल्या तरी हमरस्त्यावरच्या भटारखान्यात उतरायचे. आठवड्याचे सहा दिवस, रोज दहा-बारा तास काम. राहणे आणि जेवण मालकाचे.

आता त्या चौदा डॉलरचा हिशेब लागतो. बुफेला ऑर्डर घेणारे वेटर लागत नाहीत, म्हणून इंग्रजी न येणारा माणूसही चालतो. एकाच वेळी मोठ्या कढईत करायचे, म्हणून थोडे आचारी पुरतात. रांगेत आधी भात-नूडल्स आणि शेवटी मांस, म्हणजे ताट स्वस्तात भरते. खेकड्याचे पाय आणि मोठी कोळंबी रात्रीच्या दरात. एवढे करूनही उरलेली स्वस्ताई येते ती मजुरीतून. कर्ज फेडणारा, कागद नसलेला माणूस दर ठरवायला बसत नाही. ज्या आयांना असे काम करत बाळ सांभाळणे जमत नाही, त्या ते आजीआजोबांकडे चीनला पाठवतात आणि शाळेच्या वयाला परत आणतात. बाळ अमेरिकेत जन्मलेले, नागरिक, म्हणून परत येऊ शकते. बशा उचलणाऱ्या बाईच्या नातीचा अर्थ मला असा ग्रंथालयात लागला.

परदेशातल्या कायद्यांवर लिहिताना स्वतःच्या अंगणाकडे पाठ करू नये. १९६२च्या युद्धानंतर आपल्या सरकारने ईशान्य भारत आणि बंगालमधल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवले. त्यांत भारतात जन्मलेली मुले होती, इथलेच नागरिकही होते. जन्माने नागरिकत्वाचा सरसकट हक्क आपण स्वतः १९८७मध्ये काढून घेतला आणि डिसेंबर २००४पासून नियम आणखी कडक केले. न्यू जर्सीतल्या त्या टेबलावर अमेरिकेवर रागावलेला मी, मायदेशी यावर कधी एक ओळ लिहिली नव्हती.

जूनच्या मध्यास नात झाली. बाळ आणि आई सुखरूप. आदेश तेव्हा स्थगित असल्याने जन्माच्या दाखल्यावरून पासपोर्टचा अर्ज घेतला गेला आणि ऑगस्टमध्ये निळे पुस्तक घरी आले. हे लिहीत असताना खटला चालूच आहे. पुढे जन्मणाऱ्या मुलांचे काय होईल, ते न्यायालय ठरवील.

परतण्याच्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्याच बुफेत जेवायला गेलो, या वेळी पाचजण. बशा उचलणारी बाई होती. तिने हात पुसले, बाळाकडे वाकून पाहिले आणि लेकीला विचारले, "घरी पाठवणार?"

लेक म्हणाली, "नाही, इथेच ठेवणार."

"छान," ती म्हणाली आणि भरलेल्या बशांची चळत उचलून आत गेली. सौ.ने पर्समधून लाडवांचा डबा काढून गल्ल्यावरच्या मुलीकडे दिला आणि आतल्या बाईला द्यायला सांगितले. जावयांनी पैसे भरले. बाळाचे पैसे पडले नाहीत. पाटीवर लिहिल्याप्रमाणे दोन वर्षांखाली फुकट.